पाणबुड्याचा तोल

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वांगणी आणि नेरळ या स्टेशनांच्या मध्ये शेलू हे गाव आहे. गावाजवळून उल्हास नदी वाहते. पावसाळ्यात ती दुथडी भरून धावते. उन्हाळ्यात तिचे पात्र आकसते. राजमाचीच्या परिसरातील डोंगरांत उगम पावलेले हे पाणी कर्जत, शेलू, बदलापूर, कल्याण अशी वाट चालत अखेर वसईच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. तेथे त्याची चव पालटते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु चवीबरोबर त्याचा आणखी एक गुण पालटतो. तो गुण म्हणजे पाण्याची घनता. समुद्रात खोल उतरणाऱ्या पाणबुड्याला या गुणाचा हिशेब करावाच लागतो; हिशेब चुकला, तर प्रसंगी त्याचा जीवही धोक्यात येतो.

महाराष्ट्रातील खेड्यांत पोहणे शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधण्याची जुनी चाल आहे. त्या मुलाला एकच गोष्ट साधायची असते, ती म्हणजे न बुडणे. पाण्यात टाकलेल्या धोंड्याचा धर्म याच्या उलट. तो थेट तळ गाठतो. पाणबुड्याचे काम मात्र या दोहोंहून निराळे आहे. घार जशी पंख न हलवता आकाशात तरंगत राहते, तसे त्याला पाण्याच्या मध्यावर स्थिर राहायचे असते. वर उसळायचे नाही आणि खालीही आदळायचे नाही.

1943 साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी, पाण्याखाली श्वासाला लागेल तेवढीच हवा टाकीतून पुरवणारे यंत्र सिद्ध केले. पाठीवर टाकी घेऊन स्वैर संचार करण्याची ही विद्या पुढे ‘स्कूबा’ या नावाने जगभर पसरली. हवेचा प्रश्न यंत्राने सोडवला. परंतु तोल सांभाळण्याचे काम पाणबुड्याकडेच राहिले.

या तोलाचे मूळ आर्किमिडीजने सुमारे 2200 वर्षांपूर्वी सांगितलेल्या नियमात आहे. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते. या बलाला प्लावक बल म्हणतात. वस्तूचे वजन या बलाहून अधिक असेल, तर ती बुडते; कमी असेल, तर तरंगते; आणि दोन्ही अगदी सारखी झाली, तर वस्तू जेथल्या तेथे राहते. ही बरोबरी साधण्यासाठी पाणबुड्या कमरेला शिशाची वजने बांधतो. शिसे पाण्याच्या अकरा पटींहून जड असल्याने थोड्या जागेत पुष्कळ वजन मावते.

आता शेलूचा एक तरुण स्कूबाची विद्या गोड्या पाण्याच्या तलावात शिकला, अशी कल्पना करावी. अंगावरील पोशाख, टाकी आणि शिसे धरून त्याचे एकूण वजन 100 किलो भरते आणि तलावात त्याचा तोल अचूक साधतो. याचा अर्थ असा, की तो 100 लिटर पाणी बाजूला सारतो. कारण 1 लिटर गोड्या पाण्याचे वजन 1 किलो असते. हाच तरुण पुढे मालवणला गेला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यामुळे त्या एक लिटराचे वजन सुमारे 1025 ग्रॅम भरते. 100 लिटरांचे वजन झाले साडेएकशे दोन किलो. शरीर तेच, साहित्य तेच. पण समुद्र त्याला अडीच किलो अधिक बलाने वर ढकलतो. तेवढे शिसे त्याने वाढवले नाही, तर कितीही पाय मारले तरी त्याला नीट खाली जाता येणार नाही.

पाण्याच्या क्षारांनंतर विचार करावयाचा तो पाण्याच्या उष्णतेचा. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे 25 पट वेगाने ओढून घेते. म्हणून कोमट वाटणाऱ्या समुद्रातही बराच वेळ राहणाऱ्याला पोशाख लागतो. हा पोशाख निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. त्या रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. हे बुडबुडेच उष्णता अडवतात आणि तेच पोशाखाला तरंगवतात. ऊब आणि तरंगणे ही एकाच गुणाची दोन फळे होत.

मालवणच्या समुद्राचे पाणी वर्षाचा बहुतेक काळ 26 ते 30 अंश सेल्सिअस इतके उबदार असते. तेथे 3 मिलिमीटर जाडीचा पोशाख पुरतो. दीड चौरस मीटर कापड धरले, तर त्याचे आकारमान साडेचार लिटर होते. त्याचे स्वतःचे वजन दीड किलो मानल्यास सुमारे 3 किलो प्लावक बल उरते. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ मात्र भर उन्हाळ्यातही पाणी 15 ते 18 अंशांच्या आसपास असते. तेथे 7 मिलिमीटरचा पोशाख घातला, तर त्याच हिशेबाने सुमारे 7 किलो प्लावक बल निर्माण होते. मालवणात पुरलेले शिसे तेथे पुरणार नाही. आणखी 4 किलो लागेल.

आइसलँडमधील सिल्फ्रा नावाच्या घळीतील पाणी तर वर्षभर 2 ते 4 अंशच असते. अशा ठिकाणी पाणी आत न शिरू देणारा कोरडा पोशाख घालतात. आत लोकरीसारखी उबदार वस्त्रे आणि त्यांत साठलेली हवा, यांमुळे शिसे आणखी वाढवावे लागते. तथापि सिल्फ्राचे पाणी गोडे आहे. त्यामुळे समुद्रासाठी वाढवलेले अडीच किलो शिसे येथे कमी होते. थंडी वजन वाढवते आणि गोडे पाणी ते घटवते. म्हणून दोन्ही गोष्टींचा हिशेब निरनिराळा मांडावा लागतो.

हिशेब एवढ्यावर संपत नाही. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, 20 मीटरवर तिप्पट आणि 30 मीटरवर चौपट. दाब वाढला की वायूचे आकारमान त्या प्रमाणात घटते, हा रॉबर्ट बॉइल यांनी 1662 साली मांडलेला नियम आहे. पोशाखातील बुडबुडे असेच आकसतात. पृष्ठभागावर 7 किलोने वर ढकलणारा जाड पोशाख 10 मीटरवर जवळजवळ निम्मे बल गमावतो. पाणबुड्याने अधिक काही उचलले नाही, तरी तो तीन-साडेतीन किलोंनी जड होतो आणि जितका खाली जाईल तितका अधिक वेगाने बुडू लागतो.

ही घट भरून काढण्यासाठी हवेचे जाकीट असते. एक कळ दाबली की टाकीतील थोडी हवा त्यात शिरते. दुसरी दाबली की ती बाहेर पडते. काही जाकिटांत हवेच्या पिशव्या कुशींना व पोटाजवळ असतात. अशी जाकिटे पृष्ठभागावर माणसाला उभे धरून ठेवतात. काहींत पिशवी केवळ पाठीवर, पंखासारखी असते. तिच्यामुळे पाण्याखाली शरीर आडवे व सरळ राहते. निवड करताना रंग-रूप पाहण्यापेक्षा हिशेब पाहावा. खोलीवर पोशाख जेवढे बल गमावील, त्यात भरलेल्या टाकीतील हवेचे वजन मिळवावे. त्याहून अधिक भार जाकिटाला पेलता आला पाहिजे. शिवाय पृष्ठभागावर डोके पाण्याबाहेर राहण्याइतकी शक्ती हाताशी असावी. उष्ण पाण्यात त्यामुळे लहान, हलके जाकीट चालते. थंड पाण्याला मोठे लागते.

हवेलाही वजन असते, याचे पुष्कळांना नवल वाटेल. 11 लिटरच्या टाकीत हवा 200 पट दाबाने भरली, तर ती 2200 लिटर होते आणि तिचे वजन अडीच किलोंहून अधिक भरते. ती वापरली जात असताना पाणबुड्या हळूहळू हलका होतो. अॅल्युमिनिअमची टाकी रिकामी होत आली की स्वतःच तरंगू लागते; पोलादाची बहुधा तरंगत नाही. वर येताना 5 मीटरवर सुमारे 3 मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे. कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. शिसे कमी असेल, तर हलकी झालेली टाकी पाणबुड्याला तेथे थांबू देत नाही. ती त्याला वर ओढते.

यासाठी वजनाची परीक्षा टाकी जवळजवळ रिकामी असताना करतात. पाणबुडा पृष्ठभागावर उभा राहतो, जाकिटातील हवा सोडतो आणि नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर स्तब्ध राहतो. पाण्याची रेषा डोळ्यांपाशी आली आणि श्वास सोडताच तो सावकाश खाली जाऊ लागला, म्हणजे वजन योग्य समजावे. परीक्षा भरलेल्या टाकीने केली, तर वापरल्या जाणाऱ्या हवेसाठी सुमारे 2 किलो शिसे अधिक घ्यावे.

‘थोडे अधिक घेतले तर काय बिघडले?’ असे नवशिक्याला वाटते. बिघडते ते पुष्कळ. अधिक शिशाचा भार पेलण्यासाठी जाकिटात अधिक हवा भरावी लागते. 10 मीटरवर 4 लिटर असलेली ती हवा पृष्ठभागापाशी 8 लिटर होते. वेळीच सोडली नाही, तर ती माणसाला बाणासारखी वर फेकते. त्यातच घाबरून त्याने श्वास रोखला, तर फुप्फुसातील हवाही तशीच फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून स्कूबात श्वास कधीही रोखू नये, हा पहिला नियम आहे. पृष्ठभागावरील परीक्षेत क्षणभर थांबण्यापुरताच त्याला अपवाद. दुसरा नियम असा, की संकटात वजने एका झटक्यात टाकून देता आली पाहिजेत.

अतिजड पाणबुड्याचा उपद्रव इतरांनाही होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहेत. हे इवले जीव अतिशय सावकाश आपली घरे रचतात. मालवणच्या या समुद्राला 1987 साली अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले आणि जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाणबुड्यांना शिक्षण देणारी संस्था उभारली. परंतु तोल न साधणाऱ्याच्या पायाचा एक फटकारा अनेक वर्षांची ती रचना क्षणात मोडू शकतो. कायदा प्रवाळाभोवती सीमा आखतो. तेथे पोहोचलेल्या पायाला आवरण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

शेलूच्या त्या तरुणाने मित्राचा वजनपट्टा उसना घेऊन भागणार नाही, हे आता ध्यानात येईल. शरीर, पोशाख, टाकी आणि पाणी यांतील एकही गोष्ट बदलली, की हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो नीट मांडला, म्हणजे पाण्याशी झगडण्याचे कारण उरत नाही. श्वास घेतला की शरीर किंचित वर येते, सोडला की किंचित खाली जाते. आणि सभोवतालचे मासेही त्याला बुजत नाहीत.

स्वाध्याय

1. पोहणे शिकणारा मुलगा आणि पाणबुडा यांच्या गरजा कशा भिन्न आहेत?
2. तलावातून समुद्रात गेल्यावर पाणबुड्याला शिसे का वाढवावे लागते?
3. एका पाणबुड्याचे साहित्यासह वजन 80 किलो आहे व गोड्या पाण्यात त्याचा तोल साधतो. समुद्रात त्याला सुमारे किती शिसे वाढवावे लागेल?
4. कारणे द्या : (अ) वजनाची परीक्षा टाकी जवळजवळ रिकामी असताना करतात. (आ) थंड पाण्यासाठी मोठे जाकीट लागते.
5. प्रयोग : पेल्यातील गोड्या पाण्यात ताजे अंडे सोडा. मग चमचा चमचा मीठ विरघळवत जा. काय घडते ते पाहा आणि त्याचे कारण लिहा.