उसना खेळाडू की घरचा?

मुलांनो, फुटबॉलमध्ये एक गंमतशीर पद्धत आहे. संघाला गोलरक्षक कमी पडला, की दुसऱ्या क्लबकडून तो हंगामापुरता उसना आणतात. शेजारून वाटीभर साखर आणावी तसा! हंगाम संपला की परत. यात अडलेली गरज भागते आणि तिकडे नुसत्या बसून असलेल्या खेळाडूलाही सामने मिळतात. पण इथे त्याच जागेसाठी रोज घाम गाळणारा आपला मुलगा? तो बाकावरच!

मग प्रशिक्षकाने काय करावं? आपल्या धाराशिवचा खो-खो बघा. आठ जण बसलेले, नववा पाठलागावर. खो नेमका कधी द्यायचा, हे वर्षानुवर्षं एकत्र खेळूनच अंगात मुरतं. ते उसनं मिळत नाही. सारिका काळे याच मातीत घडली. तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावलं. २०२० चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला.

उसनवारीने एखादा हंगाम निभावतो. संघ मात्र घरीच घडवावा लागतो. तेव्हा पालकहो, पोरगं राखीव खेळाडू आहे म्हणून त्याचा सराव बंद करू नका!