गेलन रपची टाच

पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारी अकिलीस कंडरा शरीरातली सर्वांत जाड आणि दणकट. धावताना ती शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण सोसते; रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा, म्हणून दुखापत भरता भरत नाही. अमेरिकी मॅरेथॉनपटू गेलन रपच्या टाचेमागे वाढलेलं हाड या कंडरेवर घासत होतं. तशाच पायानं ऑक्टोबर २०१८ मध्ये तो शिकागो मॅरेथॉनमध्ये पाचवा आला, हे नवलच! त्याच महिन्यात शस्त्रक्रिया झाली: हाडाचा उंचवटा तासला, फाटलेली कंडरा सांधली.

खरी परीक्षा त्यानंतर. आधी विश्रांती, मग आधाराचा बूट, मग टाचा उचलण्याचे कंटाळवाणे व्यायाम. नवे तंतू ताणाच्या दिशेनं नीट रचले जायला असा बेताबेतानं वाढवलेला भार लागतोच. नुसतं पडून राहून भागत नाही. शस्त्रक्रियेची जखम लवकर भरते, पोटरीची ताकद फार उशिरा परतते. वर्षभरानं रप शिकागोतच परतला, पण पोटरी दुखावल्यानं शर्यत अर्धवट सुटली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अटलांटात ऑलिंपिक निवड मॅरेथॉन मात्र त्यानं २ तास ९ मिनिटं २० सेकंदांत जिंकली.