ट्रेलर पाहिलात का? मागच्या पिढीच्या कन्सोलचे अकरा भन्नाट किस्से

सोलापुरात दुकानदार तळहातावर चिमूटभर शेंगाचटणी ठेवतो आणि गिऱ्हाईक अर्धा किलो बांधून घेतं. व्हिडिओ गेमचा ट्रेलर हेच काम करतो. दोन-तीन मिनिटांची चव, आणि पुढे कित्येक महिने किंवा कित्येक वर्षं वाट पाहणं!

प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि निन्टेन्डो स्विच यांचा तो काळ, साधारण २०१३ ते २०२० चा, ट्रेलरच्या दृष्टीने सुवर्णकाळ होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि लॉस एंजेलिसच्या मंचावर उलगडणारा ट्रेलर त्याच रात्री सात रस्त्यावर, विजापूर वेशीत, अशोक चौकात मोबाइलवर दिसू लागला. कन्सोल घरात असो वा नसो, ट्रेलर सगळ्यांचे होते. आणि ते नीट पाहिले, तर त्यात सह्याद्री सापडतो, मुंबई सापडते, पुण्यातल्या मंडळींचे कष्टही सापडतात. चला तर मग!

१. जपानच्या आधी आपण

प्लेस्टेशन ४ अमेरिकेत १५ नोव्हेंबर २०१३ ला आला. भारतात तो ६ जानेवारी २०१४ ला ३९,९९० रुपयांना मिळू लागला. आणि सोनीच्या स्वतःच्या देशात, जपानमध्ये? २२ फेब्रुवारी २०१४ ला! म्हणजे तोक्योच्या पोरांनी हातात कंट्रोलर घेण्याच्या सहा-सात आठवडे आधी आपल्याकडे खेळ सुरू झाला होता. पुढे या कन्सोलने जगभरात ११ कोटी ७० लाखांचा टप्पा ओलांडला.

२. वीस-बावीस सेकंदांचा दणका

त्या पिढीतली सर्वांत गाजलेली चित्रफीत कुठल्या गेमची नव्हतीच. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नव्या एक्सबॉक्सवर जुन्या डिस्क विकण्या-वाटण्यावर बंधनं येणार, दर २४ तासांनी इंटरनेट लागणार, म्हणून खेळाडू चिडले होते. सोनीने लगेच एक फीत काढली : ‘प्लेस्टेशन ४ वर गेम मित्राला कसा द्यायचा?’ सोनीचे अधिकारी शुहेई योशिदा यांच्या हातून अॅडम बॉईज यांच्या हातात डिस्कची डबी गेली. संपली फीत! एकाची डिस्क आणि खेळणारी अख्खी गल्ली, अशा वातावरणात वाढलेल्या आपल्या पोरांना ती लगेच पटली. दोनच आठवड्यांत मायक्रोसॉफ्टने सगळे नियम मागे घेतले.

३. चेहऱ्याला बँडेज बांधलेला दिग्दर्शक

डिसेंबर २०१२ मध्ये ‘द फॅन्टम पेन’ नावाच्या एका अनोळखी गेमचा ट्रेलर झळकला. बनवणारी कंपनी मोबी डिक स्टुडिओ, देश स्वीडन, प्रमुख योआकिम मोग्रेन. हे गृहस्थ मुलाखतीला आले तेच तोंडभर बँडेज गुंडाळून. पण चाहते हुशार. ‘योआकिम’ची रोमन अक्षरं फिरवली की ‘कोजिमा’ होतं, हे त्यांनी ताडलं. ट्रेलरमधल्या शीर्षकाच्या अक्षरांभोवती जी रिकामी जागा होती, तिच्यात ‘मेटल गिअर सॉलिड ५’ चपखल बसतं, हेही शोधलं. मार्च २०१३ मध्ये ‘मेटल गिअर’चे कर्ते हिदेओ कोजिमा यांनी मंचावर बँडेज उतरवलं आणि चाहत्यांचा तपास खरा ठरला.

४. चार जण आणि अब्जावधी ग्रह

‘नो मॅन्स स्काय’चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०१३ मध्ये आला तेव्हा त्यामागे इंग्लंडच्या गिल्डफर्डमधली जेमतेम चार जणांची तुकडी होती. दावा मात्र १८ वर १८ शून्यं मांडावीत एवढ्या ग्रहांचा! आकडा थापेचा नव्हता. गणिताच्या सूत्रातून ग्रह जागच्या जागी तयार होतात आणि ६४ बिटांच्या संख्येत तेवढेच मावतात. त्याच नाताळात पुराच्या पाण्याने त्यांचं ऑफिस बुडवलं. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला, तो ट्रेलरच्या मानाने तोकडा पडला, लोक भडकले. पण मंडळी पळाली नाहीत. वर्षानुवर्षं एकही पैसा न घेता नवनवे भाग देत राहिली आणि ट्रेलरमध्ये दाखवलं होतं त्याच्याही पुढे गेली.

५. ट्रेलरला साक्षात वाद्यवृंद

जून २०१६, लॉस एंजेलिसचं श्राइन सभागृह. दिवे मंदावले आणि संगीतकार बेअर मॅक्रिअरी यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजू लागला. पडदा उघडला, दाढीवाला क्रेटोस आणि त्याचा मुलगा समोर आले. ‘गॉड ऑफ वॉर’चं हे पुनरागमन होतं. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या गेमची खासियत अशी की सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेरा एकदाही कट होत नाही. रागीट बापाची आणि त्याच्या पोराची ती गोष्ट २०१८ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरली.

६. वाट पाहण्याचे विक्रम

‘द लास्ट गार्डियन’ २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी दाखवला गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला. मधे एक अख्खी पिढी सरली! ‘फायनल फँटसी ७’ची चकचकीत झलक २००५ मध्ये निव्वळ तांत्रिक नमुना म्हणून दाखवली होती. चाहत्यांनी दहा वर्षं पिच्छा पुरवला, २०१५ मध्ये अधिकृत घोषणा झाली आणि एप्रिल २०२० मध्ये जग टाळेबंदीत असताना गेम हातात पडला. ‘सायबरपंक २०७७’च्या जानेवारी २०१३ च्या ट्रेलरमध्ये तारखेच्या जागी ‘तयार होईल तेव्हा’ अशा अर्थाची ओळ होती. २०१९ मध्ये अभिनेते किआनू रीव्हज मंचावर आले, प्रेक्षागृहाने त्यांना डोक्यावर घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये गेम आला तो इतक्या त्रुटींसह की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. जून २०२१ मध्ये तो परत आला.

७. हा तर आपला सह्याद्री!

३ डिसेंबर २०१६ ला ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’चा ट्रेलर आला. भारतातलं शहर, रात्रीची वेळ, गर्दीतून वाट काढणारी एक बाई. ती क्लोई फ्रेझर, निम्मी भारतीय. तिला शोधायचा आहे गणपतीचा तुटलेला सुळा, आणि त्यासाठी ती पोचते थेट पश्चिम घाटात! गेमच्या चौथ्या प्रकरणाचं नावच ‘द वेस्टर्न घाट्स’. परशुरामाच्या परशूने गणपतीचा दात तुटल्याची कथा, होयसळांचं राज्य, हळेबीडू आणि बेलूर, सगळं त्यात आहे.

सोलापूरकरांनी हा गेम जरा जास्तच आपुलकीने पाहावा. होयसळ सुरुवातीला ज्यांचे मांडलिक होते, त्या चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. सोलापूरहून हैदराबादकडे जाताना ते वाटेलगतच लागतं. कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग कंपनीने आपल्या शेजारचा इतिहास निवडला आणि देवळांच्या भिंतींवरची शिल्पं मन लावून घडवली.

८. मुंबईत एजंट ४७

नोव्हेंबर २०१८ च्या ‘हिटमॅन २’मध्ये मायामी आहे, कोलंबियाचं जंगल आहे आणि आपली मुंबईही आहे. झोपडपट्टीच्या बोळांपासून सिनेनिर्मात्याच्या टॉवरपर्यंत. एका खलनायकाचं नाव वझीर काळे! गेमचा नायक, डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला मारेकरी एजंट ४७ इथे न्हावी बनून गिऱ्हाइकाची दाढीही करू शकतो. गेम बनवणारी आयओ इंटरअॅक्टिव्ह डेन्मार्कच्या कोपनहेगनमधली, पण गर्दी, कपड्यांच्या दोऱ्या, रंग उडालेल्या भिंती यांत मुंबई ओळखू येते.

९. कोहिनूर, आणि अंतराळातला गणपती

जानेवारी २०१६ मधला ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : इंडिया’ घडतो १८४१ मध्ये, शीख साम्राज्याच्या काळात. नायक अरबाझ मीर, आणि भानगड कोहिनूरची. दुसरीकडे ‘बियॉन्ड गुड अँड ईव्हिल २’. २०१७ च्या ट्रेलरसोबत त्याचं भविष्यातलं विश्व लोकांसमोर आलं आणि त्यात होती ‘गणेश सिटी’! परक्या ग्रहावरच्या त्या नगरात गणपतीची अजस्र मूर्ती उभी. या गेमची पहिली झलक २००८ मधली. बाप्पा मात्र अजून खेळाडूंच्या घरी आलेले नाहीत.

१०. पुण्याची राजी

आता या यादीतला माझा सर्वांत लाडका किस्सा. १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या ऑनलाइन कार्यक्रमात एक ट्रेलर झळकला. हातात त्रिशूळ घेतलेली मुलगी, राजवाडे, सज्जे, कमळांची तळी. ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’. ट्रेलरच्या शेवटी घोषणा : गेम आजच उपलब्ध!

हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीची मोहीम काढली होती, पण ठरलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. पहाडी चित्रशैलीवरून रंग घेतले, छायाबाहुल्यांच्या खेळासारखी दृश्यं रचली, राजीची गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू यांचे आवाज आणले. सर्कशीत कसरती करणारी एक साधी मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते, एवढीच गोष्ट. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी राजीला नामांकन मिळालं. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ला गेला, पण पुण्यात घडलेला गेम जगाच्या मंचावर पोचला होता. सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघालं की दुपारच्या आत जिथे उतरतो, त्या गावातून!

११. पुणे-मुंबईचा राजपुत्र

१० सप्टेंबर २०२० ला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या रूपाचा ट्रेलर आला. मूळ गेम २००३ चा, अनेकांच्या बालपणाचा. नवं रूप घडवण्याची जबाबदारी होती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंवर. एवढ्या मोठ्या नावाच्या गेमची धुरा आपल्याकडच्या स्टुडिओंवर, ही अभिमानाची गोष्ट होती. ट्रेलरमधलं चित्रण जुनाट वाटतं, अशी टीका जगभरातून झाली. जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर, मग बेमुदत पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलकडे सोपवलं गेलं. हळहळ वाटली, आजही वाटते. पण मोठं काम अंगावर घेणारी माणसं आपल्याकडे आहेत, हे त्या ट्रेलरने जगाला दाखवलं. त्यांच्या धाडसाला माझा सलाम आहे.

आता सोलापूरचा ट्रेलर!

ज्या मेळ्यात यातले कितीतरी ट्रेलर पहिल्यांदा दिसले, तो १९९५ पासूनचा लॉस एंजेलिसचा ई-थ्री मेळा कायमचा बंद झाल्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये झाली. आता ट्रेलर दाखवायला मंच लागत नाही. इंटरनेट पुरतं, आणि ते सोलापुरात आहे.

गोष्टींची तर आपल्याकडे रास पडली आहे. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला ३५९ मुखांचं शिवलिंग आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी अभ्यासकांपुढे आणला. जो हा लेख वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा आशय. गेमच्या शेवटच्या टप्प्यासाठी याहून सुंदर कोडं कुठून आणणार? संक्रांतीला बाराबंदी घातलेल्या भक्तांसोबत निघणारे सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, भुईकोट किल्ल्याचे बुरूज, नान्नजच्या माळरानावरचा माळढोक, हातमागांची खटखट. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणारी पात्रं एकाच गल्लीत!

साधनंही आवाक्यात आहेत. राजी ज्या अनरिअल इंजिनवर घडली ते शिकायला फुकट आहे, त्रिमितीय चित्रणाचं ब्लेंडर तर पूर्णच मोफत आहे. सोलापुरातल्या अभियांत्रिकी आणि कलेच्या विद्यार्थ्यांनो, चौघे जण एकत्र या. पहिल्याच फटक्यात अख्खा गेम करायला जाऊ नका. या सुट्टीत कुडलचं एक दालन उभं करा, एक पात्र चालवा आणि तीस सेकंदांचा ट्रेलर बनवून जगापुढे ठेवा. पहिला प्रेक्षक म्हणून मी तयार आहे.