साध्या अभ्र्यावर इस्त्रीची नक्षी

खेड्यातील घरांत उशीचा अभ्रा बहुधा साध्या पांढऱ्या मांजरपाटाचा किंवा पॉपलीनचा असतो. जुन्या धोतराचा वा लुगड्याचा धड भाग काढून शिवलेले अभ्रेही अनेक घरी आढळतात. असा अभ्रा अंगाला थंड लागतो व कसाही धुतला तरी लवकर बिघडत नाही. त्यास थोडी शोभा यावी, लग्नकार्यात तो आहेर म्हणून देता यावा, अथवा महिला बचत गटास त्याची विक्री करता यावी, यासाठी इस्त्रीने नक्षी उमटविण्याचा कागद, म्हणजेच ट्रान्सफर पेपर, हे एक सोयीचे साधन आहे.

काम वरवर पाहता सोपे आहे. परंतु घाईने केलेली नक्षी दोन-तीन धुलायांतच कडेने उचलली जाते, तिला भेगा पडतात आणि चांगला अभ्रा विद्रूप दिसू लागतो. घरच्या वापरात हे नुकसान एका अभ्र्यापुरतेच राहते. बचत गटाच्या बाबतीत मात्र कापड, कागद व श्रम यांबरोबरच गिऱ्हाईकाचा विश्वासही जातो. म्हणून नक्षी निवडण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : हा अभ्रा कोण वापरणार व तो कसा धुतला जाणार?

दोन प्रकारचे कागद

इस्त्रीने उमटविण्याचे कागद मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात केवळ रेषांची आकृती असते. उष्णतेने तिची शाई वितळून कापडावर उतरते व त्या रेषांवरून भरतकाम करावयाचे असते. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण रंगीत चित्र असते. या कागदावर प्लॅस्टिकसारख्या द्रव्याचा पातळ थर दिलेला असतो. संगणकाच्या छपाईयंत्रातून चित्र त्या थरावर छापतात. इस्त्रीच्या उष्णतेने थर मऊ होऊन धाग्यांना चिकटतो व थंड झाल्यावर घट्ट होतो. म्हणजे या प्रकारात रंग कापडात मुरत नसून कापडावर एक पापुद्रा बसतो. पुढील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

आकृती कापडावर उतरविण्याची कला खेड्यांना नवी नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे ग्रामसेविकांच्या वर्गांतून शिवण व भरतकाम खेडोपाडी शिकविले जाऊ लागले. पातळ कागदावरील आकृतीस सुईने बारीक भोके पाडावयाची, रॉकेलमध्ये कालविलेली नीळ बोळ्याने त्यावर फिरवावयाची आणि खाली उमटलेल्या ठिपक्यांवरून टाके घालावयाचे, ही भरतकामाची जुनी रीत आहे. गडद कापडासाठी निळीऐवजी जस्ताची पांढरी भुकटी घेत असत. रेषांचा इस्त्रीचा कागद हे त्याच कामाचे सुटसुटीत रूप होय.

कोणत्या अभ्र्यास कोणती नक्षी?

रोजच्या वापरातील अभ्र्यास केसांचे तेल व घाम लागतो. तो गरम पाण्यात सोडा घालून भिजविला जातो, दगडावर आपटला जातो आणि कडक उन्हात वाळतो. हा मार पापुद्र्यास सोसत नाही. शिवाय पापुद्र्यातून हवा खेळत नाही व घाम शोषला जात नाही. उन्हाळ्यात त्यावर गाल टेकल्यास तो चिकट लागतो. म्हणून रोजच्या अभ्र्यासाठी रेषांचा कागद व त्यावर सुती दोऱ्याचे भरतकाम हीच योग्य निवड होय. पक्क्या रंगाचा दोरा घेतल्यास असे भरतकाम कापडाबरोबरच टिकते.

आहेराचा, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला अथवा बैठकीतील लहान उशीचा अभ्रा क्वचित धुतला जातो. तेथे रंगीत चित्राचा कागद शोभतो. तरीही चित्र मध्यभागी न घेता कोपऱ्यात किंवा उघड्या तोंडाच्या बाजूस घ्यावे, म्हणजे डोके टेकण्याची जागा मोकळी राहील.

कापडाची तयारी

कापड सुती असावे. पॉलिएस्टर अधिक असलेले कापड सुती कापडाच्या उष्णतेवर आकसते, चकाकते किंवा वितळते. बाजारात सब्लिमेशन नावाचा आणखी एक कागद मिळतो. त्याचा रंग पॉलिएस्टरवर पक्का बसतो, परंतु साध्या सुती कापडावर टिकत नाही. खरेदी करताना या दोन कागदांची गल्लत होऊ देऊ नये.

नवे कापड प्रथम धुऊन वाळवावे. न धुतलेल्या कापडात खळ असते व ती चित्रास धाग्यांपर्यंत पोहोचू देत नाही. शिवाय नवे सुती कापड पहिल्या धुलाईत आटते, वरचा पापुद्रा मात्र तसा आटत नाही, आणि परिणामी चित्रास सुरकुत्या पडतात. या धुलाईनंतर कांजी देऊ नये.

शक्य असल्यास अभ्रा शिवण्यापूर्वीच चित्र उमटवून घ्यावे. एकेरी व सपाट कापडावर दाब सारखा पडतो. तयार अभ्रा असल्यास आत जाड पुठ्ठा सरकवावा व शिवण चित्राखाली येऊ देऊ नये. नेहमीची उशी सुमारे १७ इंच रुंद व २७ इंच लांब असते. तिला ९ सेंटिमीटर रुंद व १३ सेंटिमीटर लांब एवढे चित्र पुरेसे होते. ए-४ आकाराच्या एका कागदावर अशी ४ चित्रे बसतात आणि कडेच्या पट्टीवर चाचणीसाठी एखादे लहान फूल घेता येते.

छपाई करताना

फिकट कापडाचा कागद व गडद कापडाचा कागद वेगवेगळा असतो. फिकट कापडाच्या कागदाचा थर पारदर्शक असतो. तो कापडावर पालथा ठेवावयाचा असल्याने चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे छापावे लागते. हे विसरल्यास नावे व अक्षरे उलटी उमटतात. गडद कापडाच्या कागदास पांढरा थर असतो. त्यावर चित्र सुलटेच छापतात, मागचा कागद आधी सोलतात आणि चित्राची बाजू वर ठेवून, त्यावर पाकिटात दिलेला संरक्षक कागद घालून इस्त्री करतात.

छपाई तालुक्याच्या गावी दुकानातून करून घ्यावयाची असल्यास कागद कोणत्या यंत्रासाठी आहे ते दुकानदारास दाखवावे. शाई फवारणाऱ्या इंकजेट यंत्राचा कागद लेसर यंत्रात घातल्यास आतील उष्णतेने थर वितळून यंत्र बिघडू शकते.

चित्र कापताना सभोवार सुमारे अर्धा सेंटिमीटर कड ठेवून बाकीचा कागद काढून टाकावा, कारण न छापलेला थरही कापडावर उतरतो व पुढे मळकट दिसतो. कोपरे गोलाकार कापावेत. टोकदार कोपरा सर्वांत आधी उचलला जातो.

इस्त्री करण्याची रीत

इस्त्रीच्या मऊ गादीवर हे काम नीट होत नाही. लाकडी पाट किंवा भक्कम टेबल घ्यावे व त्यावर सुती कापडाची एक सपाट घडी घालावी. इस्त्रीत पाणी नसावे व वाफ बंद असावी. इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर ठेवून पुरती तापू द्यावी. खेड्यात विजेचा दाब कमी असताना इस्त्री तापावयास अधिक वेळ लागतो. अशा वेळी काम रेटू नये. कोळशाच्या इस्त्रीची उष्णता सारखी राखता येत नाही आणि तिच्यातून राख पडते, म्हणून ती या कामास टाळावी.

प्रथम कापडावरून काही सेकंद इस्त्री फिरवून ओल घालवावी. नंतर फिकट कापडाचा कागद छापील बाजू खाली करून ठेवावा. दोन्ही हातांचा भार देऊन इस्त्री सावकाश सरकवावी व प्रत्येक भागास सारखी उष्णता द्यावी. कडा व कोपरे यांवर विशेष लक्ष द्यावे. एका जागी इस्त्री विसरू नये. किती वेळ इस्त्री करावयाची व कागद गरम असताना सोलावयाचा की थंड झाल्यावर, हे प्रत्येक कागदाच्या पाकिटावर दिलेले असते व ते तंतोतंत पाळावे. सोलताना एक कोपरा उचलून पाहावा. चित्र कागदाबरोबर येत असेल तर कागद परत बसवून पुन्हा इस्त्री करावी.

रेषांच्या कागदाची रीत थोडी निराळी आहे. तेथे इस्त्री सरकविल्यास रेषा फासतात. म्हणून ती ठेवावी, दाबावी, उचलावी आणि पुढच्या भागावर ठेवावी. उमटलेली रेषा धुतल्यावर पूर्ण जाईलच असे नाही. साखळी टाका किंवा काजटाका रेषा झाकेल इतका दाट घालावा.

इस्त्रीची पिन तीन दांड्यांची असावी, ओल्या हाताने तिला स्पर्श करू नये आणि लहान मुलांना कामापासून दूर ठेवावे.

चाचणी घेतल्याशिवाय विक्री नको

नवा कागद किंवा नवे कापड आणल्यावर चाचणीचे फूल त्याच कापडाच्या तुकड्यावर उमटवावे. एक दिवस थांबून तो तुकडा ५ वेळा धुऊन वाळवावा. धुणे गिऱ्हाईकाच्या घरी होते तसेच असावे. चाचणीतील दोष कारण सांगून जातो. कडा उचलल्या असतील तर उष्णता किंवा दाब कमी पडला. चित्र पिवळट झाले असेल तर उष्णता अधिक झाली. भेगा पडल्या असतील तर गरम असताना कापड ताणले गेले किंवा धुताना फार मार बसला. जो तुकडा चाचणीत टिकला नाही, त्या पद्धतीचा एकही अभ्रा विकावयास ठेवू नये.

विक्रीच्या प्रत्येक अभ्र्याबरोबर धुण्याची चिठ्ठी द्यावी : अभ्रा उलटा करून थंड पाण्यात हाताने धुवावा, सोडा व रंग उडविणारी पूड वापरू नये, पिळू नये, सावलीत वाळवावा आणि चित्रावर थेट इस्त्री करू नये. ही चिठ्ठी पाळता येणार नाही अशा गिऱ्हाईकास भरतकामाचाच अभ्रा सुचवावा.

किंमत व नक्षी

किंमत ठरविताना कापड, दोरा, कागद, छपाई, वीज व मजुरी या सर्वांची नोंद घ्यावी. १००० वॉटची इस्त्री सलग एक तास तापत राहिली तर एक युनिट वीज लागते. एका अभ्र्यास १० मिनिटे धरल्यास ६ अभ्र्यांना फार तर एक युनिट पडेल. विजेपेक्षा वाया गेलेला कागद अधिक महाग पडतो. १० कागदांपैकी २ बिघडत असतील तर त्यांची किंमत उरलेल्या ८ कागदांवर चढते, हे हिशेबाच्या वहीत स्पष्ट दिसावयास हवे. घरच्या बाईची मजुरी शून्य धरण्याची सवय सोडावी.

चित्रपटांतील किंवा मुलांच्या मालिकांतील चित्रे छापून विकू नयेत. त्यांवर निर्मात्यांचा हक्क असतो. ज्वारीचे कणीस, कापसाचे बोंड, तुळशीवृंदावन, रांगोळीतील गोपद्मे, दारावरचे तोरण अशा आकृत्या गटातील स्त्रियांनी स्वतः काढाव्यात. ज्यांचे हात रांगोळीवर बसलेले आहेत, त्यांना त्या अवघड जात नाहीत आणि बाजारातील छापील मालापेक्षा असा अभ्रा वेगळा उठून दिसतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक घेताना दोन अभ्रे बरोबर न्यावेत, एक नवा व एक पाच वेळा धुतलेला. नवा अभ्रा सर्वांस आवडतोच. धुतलेला अभ्रा हातात घेऊन, कडा चाचपून, मगच गटाने कागद खरेदी करावयाचा की नाही ते ठरवावे.