अंड्यांसाठी जमिनीवर

घोयरा सरडा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, फांदीवर जितका निर्धास्त तितकाच जमिनीवर लाचार. त्याच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशा गटांत जुळलेली असतात. पुढच्या पायात तीन आत, दोन बाहेर. मागच्या पायात नेमकं उलट. फांदी पकडायला या चिमट्याला तोड नाही, पण जमिनीवर पळायला तो कुचकामी. तरीही अंडी घालण्यासाठी मादीला झाडावरून उतरावंच लागतं, आणि त्याच पायांनी माती उकरावी लागते.

हा खटाटोप जवळून पाहिला गेला आहे तो येमेन आणि सौदी अरेबियातल्या एका जातीत, कारण ती जगभर हौसेने पाळली जाते. गाभण मादीच्या गडद अंगावर पिवळे-निळे ठिपके उमटतात. नर जवळ आला की ती तोंड वासून त्याला हुसकावते. दिवस भरत आले की तिचं खाणं सुटतं आणि ती जमिनीवर येरझाऱ्या घालू लागते. माती दमट हवी, ढासळणारी नको. मनासारखी जागा मिळेपर्यंत ती एखादं बीळ अर्ध्यावर सोडूनही देते. डोकं खुपसून उकरायचं, मग उलटं फिरून अंडी घालायची, शेवटी बीळ बुजवून वरची माती पायांनी दाबायची. इतक्या सफाईने, की खूणही उरू नये. थकलेली मादी मग झाडावर जाते. अंड्यांची राखण ती करत नाही.

मला खरं नवल वाटतं ते अंड्यांचं. बहुतेक सरड्यांच्या जातींत अंडं घातलं जातं तेव्हा गर्भाला पायांचे कोंब फुटलेले असतात. येमेनमधल्या या जातीत मात्र तेव्हा पेशींचे थर नुकते घडत असतात आणि पुढची वाढ काही काळ थांबून राहते. पिल्लं बाहेर यायला सहा महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो. मादागास्करमधल्या लाबोर्डच्या शॅमेलिऑनने तर कमालच केली आहे. त्याचे आठ-नऊ महिने अंड्यात जातात आणि बाहेरचं आयुष्य जेमतेम चार-पाच महिन्यांचं. नोव्हेंबरात पिल्लं निघतात, जानेवारीपर्यंत वयात येतात आणि कोरडा ऋतू लागेपर्यंत ती सगळी पिढी संपते. त्यानंतर ही जात उरते ती फक्त मातीतल्या अंड्यांत.

आपल्या घोयऱ्याची मादी एका वेळी साधारण १० ते ३० अंडी घालते. हा प्राणी बिनविषारी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षितही. बांधावर माती उकरताना ती दिसली, तर तिला उचलू नका, मारू नका. लांब उभे राहा आणि तिचं काम होऊ द्या.