वावडे ताटातले आणि उशीतले

‘वावडे’ हा आपल्या भाषेतला जुना शब्द. अमक्याला वांगे वावडे, तमक्याला शेंगदाणे वावडे, असे आपण सहज म्हणतो. या शब्दाचा अन्नाशी संबंध इतका दृढ झाला आहे की, घरातले लहान मूल सकाळी उठताच शिंका देऊ लागले, त्याचे नाक गळू लागले किंवा रात्री छातीत घुरघुर ऐकू येऊ लागली, तर वडील मंडळींचे लक्ष प्रथम जाते ते त्याच्या ताटाकडे. केळे बंद होते, दही बंद होते, पुढे दूधही बंद होते. मूल वाळत जाते. शिंका मात्र थांबत नाहीत. अन्नाचे वावडे खोटे असते असे नव्हे. परंतु ज्या मुलाला बारा महिने, आणि त्यातही अंथरुणात व पहाटे अधिक त्रास होतो, त्याचा शत्रू पुष्कळदा ताटात नसून उशीत असतो.

वावडे म्हणजे नेमके काय? ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी योजिला. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक पहारेकरी यंत्रणा असते. काही मुलांमध्ये हा पहारेकरी निरुपद्रवी पाहुण्यालाही चोर समजतो आणि त्याच्या विरुद्ध एक विशिष्ट प्रतिद्रव्य तयार करून ठेवतो. हे प्रतिद्रव्य १९६६ मध्ये इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत शोधून काढले. आज त्याला ‘आयजीई’ म्हणतात. पुढे तोच पाहुणा पुन्हा आला की शरीरातील काही पेशी हिस्टामिन आदी द्रव्ये एकदम सोडतात. नाक वाहते, डोळे खाजतात, श्वासनलिका आवळते. दोष पाहुण्याचा नसतो, पण शिक्षा मुलाला होते.

घरातल्या धुळीने दमा होतो, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते; पण धुळीतले नेमके काय बाधते ते कळत नव्हते. १९६४ च्या सुमारास हॉलंडमधील लायडन येथे फोर्होर्स्ट, स्पीक्स्मा आदी संशोधकांनी त्याचा उलगडा केला. गुन्हेगार निघाला कोळी आणि गोचीड यांच्या जातकुळीतला एक आठ पायांचा जीव. लांबी मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या त्वचेचा जो कोंडा रोज गळतो, त्यावर तो जगतो. पाणीही तो पीत नाही. हवेतील ओलावा अंगात शोषून घेतो. म्हणूनच हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो, आणि सत्तर-ऐंशी टक्क्यांवर गेली की त्याची वस्ती वाढते. कोंडा, ऊब आणि दमटपणा ही तिन्ही सुखे त्याला एकत्र कोठे मिळतात? आपल्या गादीत. १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली : मुलाला बाधते ते प्रामुख्याने या जीवाच्या विष्ठेचे कण होत.

एवढे समजले की उपाय कोणते आणि ते अपुरे का पडतात, हेही समजते. गादी उन्हात टाकल्याने कीटक सुकून मरतात, परंतु विष्ठेचे कण तसेच राहतात. म्हणून ऊन दिल्यावर गादी झटकली पाहिजे, आणि तीही मूल जवळ नसताना. गादी जाड असेल तर उलटसुलट करून दिवसभर कडक ऊन द्यावे. त्यानंतर गादीला आणि उशीला घट्ट विणीची, सर्व बाजूंनी बंद होणारी गवसणी घालावी, म्हणजे आतले कण बाहेर येणार नाहीत. चादरी, अभ्रे, पांघरुणे आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंश सेल्सियस इतक्या कढत पाण्यात धुवावीत. हाताला सोसेल अशा कोमट पाण्याने कण वाहून जातात, पण कीटक सगळे मरत नाहीत. गोधडी मायेची असली तरी तिलाही ही सूट नाही. कापडी बाहुल्या आणि अस्वले थोडीच ठेवून तीही धुवावीत.

केर काढण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कोरड्या झाडूने हे कण उडतात व नंतर खाली बसतात. तेव्हा ओल्या फडक्याने पुसावे, आणि झाडायचेच असेल तर त्यानंतर अर्धा तास तरी मुलाला त्या खोलीत आणू नये. मुलाच्या खोलीत गालिचा, जाड पडदे आणि पलंगाखालची गाठोडी नसलेलीच बरी.

इतर पाहुण्यांचीही दखल घेतली पाहिजे. झुरळाची विष्ठा व अंगाचा चुरा हेही प्रबळ वावडे होय. रात्री उष्टी भांडी न ठेवणे आणि गळका नळ दुरुस्त करणे, हे फवाऱ्यापेक्षा मुलाच्या छातीला अधिक मानवते. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की बुरशी धरते. ती पुसून भागत नाही, ओल जेथून येते ती वाट बुजवावी लागते. मांजराचे वावडे त्याच्या लाळेतून व कातडीतून येते, आणि मांजर दुसरीकडे दिले तरी घरात काही महिने टिकते. उदबत्ती, डासांची कॉइल, विडी-सिगारेट यांचा धूर हे खऱ्या अर्थाने वावडे नव्हे. परंतु आधीच सुजलेल्या श्वासनलिकेवर तो मीठ चोळतो.

याने गुण किती येतो? येथे अतिशयोक्ती करू नये. इंग्लंडमध्ये दम्याच्या अकराशेहून अधिक प्रौढ रुग्णांवर केवळ गवसण्यांचा प्रयोग झाला. २००३ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की, नुसत्या गवसणीने लाभ दिसत नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सात शहरांतल्या ९३७ मुलांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे प्रत्येक मुलाला ज्याचे वावडे, ते पाहून बिछाना, झुरळे, धूर अशा अनेक बाजूंनी एकदम उपाय केले होते. त्या मुलांचे पंधरवड्यातील त्रासाचे दिवस सरासरी ३.४ राहिले, इतरांचे ४.२. हा फरक चमत्कार नव्हे. पण महिन्याकाठी दीड-दोन दिवस मूल मोकळा श्वास घेते, शांत झोपते, खेळते. याचे मोल आई-बापांना सांगावयास नको. तात्पर्य, एकच उपाय करून हताश होऊ नये, आणि वावडे कशाचे ते वैद्यकीय तपासणीने आधी ठरवावे. तसे न ठरवता दूध-दही तोडणे म्हणजे वाढत्या मुलाची उपासमार होय. तसेच, घर स्वच्छ केले म्हणून डॉक्टरांनी दिलेला श्वासातून घ्यावयाचा पंप आपल्या मनाने बंद करू नये. आणि मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाऊ लागल्या, त्याला बोलवेना किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर घरगुती उपाय करीत न बसता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

अशा घरांत आणखी एक अन्याय घडतो. मूल शिंकले की ‘घर नीट झाडत नाही’ म्हणून बोल लागतो तो त्याच्या आईला. वास्तविक हे कीटक चकचकीत घरांतही सुखाने नांदतात. ते अस्वच्छतेचे नव्हे, उबेचे आणि दमटपणाचे सोबती आहेत. तेव्हा बोल लावण्याऐवजी घरातल्या कर्त्या पुरुषांनी गादीचे एक टोक धरावे. चैत्र-वैशाखाचे ऊन फुकट आहे. आपण त्यात पापड, कुरडया आणि वर्षाचे गहू वाळवतोच. पहिला पाऊस येऊन हवा दमट होण्यापूर्वी त्याच गच्चीवर मुलाच्या गादीलाही जागा द्यावी.