एका पुठ्ठ्यावर दोन फोटो

मंडळी, पुढे वाचण्याआधी एक छोटा प्रयोग करा. नाकासमोर वीतभर अंतरावर बोट धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. बोट जागेवरच असते, पण ते इकडून तिकडे उडी मारताना दिसते. आपल्या दोन डोळ्यांत साधारण अडीच इंच अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळा तीच वस्तू थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. मेंदू ही दोन्ही चित्रे एकत्र करतो, म्हणून बांधावरची बाभूळ जवळ आणि मागचा डोंगर लांब, हे आपल्याला न मोजता कळते.

चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली ही गोष्ट जगापुढे मांडली. पुढे दोन भिंगांचे कॅमेरे आले. एकाच देखाव्याचे दोन फोटो घ्यायचे, साधारण साडेतीन इंच रुंद आणि सात इंच लांब पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायचे आणि दोन भिंगांच्या चष्म्यातून पाहायचे. सपाट चित्र मग खोलीसकट उभे राहते. या जोडफोटोंना स्टिरिओग्राफ म्हणतात. १८६१ साली होम्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हातात धरायचा स्वस्त चष्मा काढला आणि ही करमणूक घरोघर पोचली. आपल्या जत्रेत एक डोळा मिटून पेटीतली चित्रे बघणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तिची गोडी वेगळी सांगायला नको.

मास्तर निघाले बांबू शोधायला

या धंद्यात अंडरवूड आणि कीस्टोन या अमेरिकन कंपन्या मोठ्या झाल्या. अंडरवूडसाठी जगभर फिरणारे एक फोटोग्राफर होते जेम्स रिकाल्टन. मुळात ते शाळामास्तर. विजेचा दिवा घरोघर नेणाऱ्या एडिसनने १८८८ साली त्यांना श्रीलंका, भारत अशा देशांत पाठवले, ते बांबू शोधायला. त्या काळी दिव्यातली तार बांबूच्या धाग्यापासून करीत, आणि त्यासाठी सर्वांत टिकाऊ जात हवी होती. पुढे मास्तरांनी शाळा सोडली आणि कॅमेरा खांद्यावर घेतला. त्यांनी घेतलेल्या १०० जोडफोटोंतून भारताची सफर घडवणारे पुस्तक १९०७ साली निघाले. अमेरिकेतला शेतकरी रात्री चुलीपाशी बसून चष्म्यातून मुंबई पाहू लागला.

अशा हजारो पुठ्ठ्यांचा साठा आज ग्रंथालयांत जपून ठेवला आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सुमारे ५२ हजार स्टिरिओग्राफ आहेत. कीस्टोन कंपनीच्या सुमारे अडीच लाख मूळ निगेटिव्ह कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या विद्यापीठाकडे आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले हजारो जोडफोटो आता कोणालाही मोबाईलवर फुकट पाहता येतात. माझ्या पुतण्याने मला ते दाखवले तेव्हा संध्याकाळचे दूध घालायचे राहून गेले.

चेहरा आहे, नाव नाही

त्यांत बाजार आहेत, घाट आहेत, बैलगाड्या आहेत. १८९९-१९०० च्या दुष्काळातली बरगड्या दिसणारी माणसेही आहेत. पाहता पाहता एक गोष्ट मनाला लागली. पुठ्ठ्यावर कंपनीचे नाव आहे, शहराचे नाव आहे. पण समोर उभ्या माणसाचे नाव बहुधा नाही. नुसते ‘एक शेतकरी’, ‘दुष्काळग्रस्त’. विकणाऱ्याला त्या नावाची गरज नव्हती, आणि ज्याला ते माहीत होते त्याला कोणी विचारले नाही.

परक्यांना बोल लावून मी घरी आलो आणि आमची पत्र्याची ट्रंक उघडली. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायला जात. त्या कामाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. एक जुना फोटो मात्र निघाला. विहिरीच्या थारोळ्याशी पागोटे घातलेला एक माणूस मोटेचा नाडा धरून उभा. मागे कोरे. मी आईपुढे धरला. तिने डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाली, “हाऊ कोन शे? तुना आबाले माहीत व्हतं.” आबांना जाऊन अकरा वर्षे झाली. ट्रंक अकरा वर्षे घरातच होती आणि कुलूपही नव्हते. म्हणजे त्या कंपन्यांत आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

डोंगर उभा राहतो तेव्हा

जोडफोटो ही नुसती करमणूक नाही. नोकरीच्या सुरुवातीला मृदसंधारणाच्या प्रशिक्षणात आम्हाला विमानातून घेतलेले एकाच भागाचे दोन फोटो दिले होते. नुसत्या डोळ्यांना ते करड्या रंगाचे ठिपके होते. स्टिरिओस्कोपखाली ठेवल्याबरोबर टेकडी वर आली आणि नाला खाली गेला. पाणी कुठून धावते आणि बांध कुठे पडावा, हे बसल्या जागी दिसले. जमिनीची पाहणी आणि नकाशे या कामी हे तंत्र फार उपयोगी पडले आहे.

तुम्हीही करून पाहा. मोबाईल सरळ धरून डाळिंबाच्या झाडाचा एक फोटो घ्या. मग तो अडीच इंच उजवीकडे सरकवून दुसरा घ्या. दोन्ही छापून शेजारी शेजारी लावा. भिंगाची जोडी मिळाली की झाड उभे राहील. पोरांना विज्ञानाचा धडा आयताच मिळेल.

एक दुपार काढा

कांद्याची रोपे टाकून झाली की एक दुपार मोकळी ठेवा. घरातले सर्वांत जुने माणूस जवळ बसवा आणि ट्रंक उघडा. प्रत्येक फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा. बॉलपेनची शाई फुटते आणि खुणा पुढच्या बाजूला उमटतात, म्हणून ते नको. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर फोटो पाकिटात घालून पाकिटावर आधी लिहून ठेवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. ओल, धूर आणि ऊन यांपासून फोटो दूर ठेवा. सावलीतल्या उजेडात मोबाईलने त्याची प्रत काढा आणि ती दुसऱ्या भावाच्या घरीही राहू द्या.

आमच्या मोटेवरच्या माणसाचा शोध अजून चालू आहे. परवा मावशीकडे फोटो नेला होता. तिने मान हलवली, पण लोहोणेरच्या एका म्हातारबाबांचे नाव सुचवले. या रविवारी तिकडे जाणार आहे.